कापलेलं अर्धं मिनिट

पोलीस खात्यात मी जन्मभर पायांनी नोकरी केली. बंदोबस्त, समन्स, पंचनामे, यात्रा, मोर्चे. शेवटची काही वर्षं मात्र एका खोलीत बसून दुसऱ्यांच्या छातीवरून जग पाहिलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा साहेब म्हणाले, "जमादार, तुम्ही आता बसून काम करा." आणि नुकतीच आलेली कॅमेऱ्यांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. निवृत्त झालो सहायक फौजदार म्हणून, पण लोक जमादारच म्हणत आले. आता लातुरात राहतो, इथल्या गल्लीतही तेच नाव चालतं.

ठाणं नांदेड जिल्ह्यातलं. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं आज नवी माणसं काम करतात, त्यांना माझ्या गोष्टीचा ताप नको.

हा कॅमेरा म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. शिपायाच्या छातीवर क्लिपने बसतो. ड्यूटी संपली की सगळे कॅमेरे माझ्याकडे जमा व्हायचे, मी ते चार्जिंगच्या खाचेत बसवायचो, आणि दिवसभरातलं चित्रण आपोआप संगणकात उतरायचं. शिपायाला त्यातलं काही पुसता येत नाही. ही गोष्ट आमच्या पोरांना पटायला फार वेळ लागला. एकजण दुपारी घरी जेवायला गेला आणि कॅमेरा बंद करायचा विसरला. संध्याकाळी माझ्याकडे त्याच्या सासूबाईंचं जावयाविषयीचं सविस्तर मत येऊन पडलं होतं. तो रडकुंडीला आला. मी म्हणालो, "घाबरू नको, हे काही गुन्ह्याचं न्हाई, मुदत संपली की आपोआप जाईल." ते मत मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण बाई बऱ्यापैकी बरोबर होत्या.

लोकांचीही कॅमेऱ्याशी ओळख हळूहळू झाली. एका दारुड्याला शिपायाने सांगितलं, "काका, रेकॉर्डिंग चालू हाय." त्याने आधी शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि गावातल्या नळयोजनेवर चांगलं भाषण केलं. शिव्या एकही नाही. साहेबांनी ते पूर्ण पाहिलं आणि म्हणाले, याला सोडा, हा निवडून येईल.

चांगल्या कामाचं चित्रण लोकांपर्यंत जावं असं वरून सांगणं असे. ते कापून, नीट करून पत्रकारांच्या ग्रुपवर टाकायचं काम माझं. त्यात मी तरबेज झालो होतो, हे आजही अभिमानाने सांगतो. मुदखेडकडच्या एका रेल्वे फाटकाजवळ आमच्या शिपायाने रुळावरून एका म्हातारीला ओढून बाजूला घेतलं. मागून गाडी धडधडत गेली. ती क्लिप मी अशी कापली की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. दोन दिवसांत ती कुठल्या कुठे पोचली, शिपायाचा सत्कार झाला. मग म्हातारी ठाण्यात आली. आम्हाला वाटलं आभार मानायला आली. ती म्हणाली, "मला वाचवलं ते लई बरं केलं बाबा. पर म्या शेळीमागं गेल्ते. ती कुण्या अंगाला पळाली तेवढं बघा की त्यात." मी सगळं चित्रण पुन्हा लावलं. एका कोपऱ्यात शेळी दिसली, पुलाच्या बाजूला पळताना. म्हातारी तिकडे गेली आणि संध्याकाळी शेळी घेऊन परत आली, फक्त मला दाखवायला. एकाच चित्रणातून कुणाला काय हवं असतं, हे मी तेव्हाच शिकायला पाहिजे होतं.

आता या कॅमेऱ्याची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॅमेरा सतत बघत असतो, पण बटण दाबल्याशिवाय साठवत नाही. बटण दाबलं की मात्र दाबण्याआधीचं अर्धं मिनिटही तो आपल्याजवळ ठेवतो. म्हणजे गडबडीत बटणाला उशीर झाला तरी सुरुवात हातची जात नाही. फक्त त्या अर्ध्या मिनिटाला आवाज नसतो. शिपायाचं खासगी बोलणं उगाच साठू नये म्हणून तशी रचना आहे, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. आम्ही त्याला मुका भाग म्हणायचो.

आणि आमच्या पोरांची खोड अशी, की समोरचा माणूस भडकला की बटण दाबायचं. आपण भडकलो तर कोण दाबणार? त्यामुळे प्रत्येक चित्रणाचा आवाज दुसऱ्याच्या रागापासून सुरू व्हायचा. त्याआधी काय झालं ते असायचं त्या मुक्या भागात.

सुरुवातीला एक क्लिप मी मुक्या भागासकट ग्रुपवर टाकली. पत्रकारांनी गोंधळ घातला, आवाज का दाबला, काय लपवताय. वरून फोन आला. साहेब वैतागून म्हणाले, "जमादार, ते मुकं तेवढं काढत जा, उगं डोक्याला ताप." तेव्हापासून सुरुवातीचं अर्धं मिनिट कापायचं आणि मग क्लिप द्यायची, हा आमच्या ठाण्याचा रिवाज झाला. लिखित काही नाही. मटकीतले खडे काढावेत तसं मी ते काढायचो.

पोळ्याच्या आधीचा आठवडी बाजार होता. मराठवाड्यात त्या बाजाराला बैलाचा बाजार म्हटलं तरी चालेल. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरं, शिंगांचा रंग. रस्ता तुंबला होता आणि साहेबांनी रस्ता मोकळा करायला माणसं पाठवली होती. आमचा एक शिपाई सकाळपासून उन्हात उभा होता. वाईट पोरगा नव्हता. त्याचंही नाव लिहीत नाही, कारण जे मी लिहितोय ते माझ्याविषयी आहे.

रस्त्याच्या कडेला पोत्यावर एक म्हातारे गृहस्थ अंबाडीचे दोर विकायला बसले होते. आमच्याकडे दोर कुठल्या जातीची माणसं वळतात हे इथल्या वाचकाला सांगायला नको. मी चाकूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या बैलांच्या गळ्यात जन्मभर अशाच माणसांच्या हातचे दोर होते, आणि ती माणसं आमच्या ओसरीच्या खालीच उभी राहायची.

म्हाताऱ्यांची मुलगी शोभा गायकवाड. वय चाळिशीचं, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. बाजाराच्या दिवशी वडिलांना भाकरी घेऊन आली होती. मी जी क्लिप दिली तिच्यात एवढंच दिसतं, की ही बाई समोरून येते, "हात लावतूस व्हय रं" म्हणते आणि वर्दीतल्या पोलिसाच्या तोंडात भडकावते. कॅमेरा हलतो. दुसरी थप्पड. मग लोक धरतात.

क्लिप मी संध्याकाळी ग्रुपवर टाकली. कर्तव्यावरील पोलिसाला महिलेची मारहाण, हा मथळाही मीच सुचवला. दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक फोनमध्ये होती. तिच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लागला. गुन्हा लागला म्हणून अंगणवाडीतून कमी केलं. लोक तिला पोलिसाला मारणारी बाई म्हणून ओळखायला लागले. कुणी कौतुकाने, कुणी टवाळीने, पण नाव तेच.

गुन्हा दाखल झाल्यामुळे मूळ चित्रण, मुक्या भागासकट, सीलबंद होऊन मुद्देमालात गेलं. तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. कुणी ते मागितलं नाही. तपासाने नाही, तिच्या पहिल्या वकिलाने नाही. व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेला होता, मग तो परत कोण बघणार?

मी निवृत्त झालो. हार घातला, फोटो काढले. लातुरात आलो आणि त्या क्लिपचा विचार करायचा नाही असं ठरवून राहिलो. ते जमलं नाही, पण दिवस निघाले.

मग देगलूरला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. शेजारच्या माणसाने मी पोलिसातला म्हणून कळल्यावर आपला फोन पुढे केला. "जमादार, ही बघितली का वाघीण?" तीच क्लिप. कुणीतरी तिच्यावर डीजेचं गाणं चढवलं होतं, थप्पड बसते तिथे ढोल वाजायचा, आणि ती पुन्हा पुन्हा बसायची. आजूबाजूचे पाच-सात जण हसले. मीही हसलो. हसलो आणि पानावरून उठलो. यजमान म्हणाले, भात यायचाय अजून. मी म्हणालो, पोट भरलं.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या वकिलांना जाऊन भेटलो. आता नवे वकील होते, तरुण, हुशार. मी त्यांना सांगितलं की मुद्देमालातलं मूळ चित्रण मागवा, त्याच्या सुरुवातीला अर्धं मिनिट जास्त आहे, आणि क्लिप कापणारा मी आहे, मला साक्षीला बोलवा. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "काका, पेन्शनचं काही होईल म्हणून भीती न्हाई वाटत का तुम्हाला?" मी म्हणालो, वाटतीय, लवकर बोलवा.

कोर्टात मी मुका भाग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. न्यायाधीशांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मूळ चित्रण लावलं. पडदा त्यांच्याकडे तोंड करून होता. शोभाताई मागे उभ्या होत्या, त्यांना फक्त लॅपटॉपची पाठ दिसत होती. वकिलांनी विचारलं, हा भाग का कापला. मी म्हणालो, ठाण्याचा रिवाज होता, मुका भाग नेहमीच कापायचो. ते खरं होतं. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि मी आपणहून उत्तर दिलं नाही.

शोभाताई निर्दोष सुटल्या. वडील मात्र निकालापर्यंत राहिले नव्हते. त्या पोळ्यानंतर ते परत बाजारात बसले नाहीत, घरीच दोर वळायचे आणि दुसऱ्यांकडून विकायचे. अंगणवाडीची जागा दुसऱ्या बाईंना गेली होती. ती परत मिळावी म्हणून शोभाताईंनी केलेला अर्ज अजून फिरतो आहे.

मला वाटलं, आता एक काम राहिलं आणि ते मला चांगलं येतं. वकिलांना कोर्टाकडून चित्रणाची अधिकृत प्रत मिळाली होती. ज्या ग्रुपवर कापलेली क्लिप टाकली त्याच ग्रुपवर पूर्ण चित्रण टाकायचं. पत्रकार अजून ओळखीचे होते. मथळाही मनात तयार होता. प्रत पेनड्राइव्हवर घेतली, जुना लॅपटॉप पिशवीत टाकला आणि त्यांच्या गावी गेलो.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. ओसरीत खुंटीला अंबाडीचे वळलेले दोर तसेच टांगलेले होते. मी खाली सतरंजीवर बसलो. शोभाताईंनी पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या. मी माझा बेत सांगितला. गावोगाव जाईल, ज्यांनी हसून बघितलं ते सगळे हे बघतील, तुमचं नाव साफ होईल. बराच वेळ बोललो.

त्या म्हणाल्या, "कोर्टानं सोडलं मला. फोनमधून कुटं सुटले मी? म्हून तुमी म्हनताव ते बरुबर हाय. लावा बगू."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्या तेव्हा बसल्या.

मुक्या भागात काय आहे ते लिहितो. सुरुवातीला म्हातारे गृहस्थ पोत्यावर बसलेले दिसतात. शिपाई समोर येऊन उभा राहतो. कॅमेरा छातीवर, त्यामुळे शिपाई दिसत नाही, वर बघणारे म्हातारे दिसतात. त्यांना वाटतं गिऱ्हाईक आलं. ते हसतात, शेजारचा एक कासरा उचलतात, दोन्ही हातांत धरून ताणतात आणि झटका देऊन दाखवतात, किती मजबूत आहे ते. ओठ हलतात. मग चौकटीच्या खालून काठीचं टोक येतं. कासरे ढकलले जातात, पोतं सरकतं. म्हातारे हात वर करतात, थांबा अशा अर्थाने. काठी त्यांच्या खांद्याला लागते आणि ते एका अंगावर कलंडतात. डोक्यावरचा पटका सुटून रस्त्यावर उलगडत जातो. कुणाचा तरी पाय त्यावर पडतो. म्हातारे उघड्या डोक्याने चाचपडत तो गोळा करायला बघतात. तेवढ्यात त्यांच्या मागून भाकरीचं गाठोडं टाकून मुलगी धावते. शिपाई बटण दाबतो. आवाज सुरू होतो.

शोभाताईंनी एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हे टाकायचं न्हाई."

मी म्हणालो, "अहो, याच्यानं तर तुमचं नाव..."

"माझं नाव साफ व्हईल. आन माझा बाप घराघरात उगड्या डोक्यानं पडत ऱ्हाईल. त्यावर बी कुनीतरी ढोल वाजवील. न्हाई जमादार."

हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी पुन्हा एकदा, तेवढ्याच सफाईने, त्यांना न विचारता मथळा तयार करून आलो होतो.

बाहेर कुणीतरी शेळ्या हाकत गेलं. त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "एक इचारू? तुमी तवा बगितलं व्हतं का हे? कापायच्या आदी?"

कोर्टात जो प्रश्न कुणी विचारला नाही तो हाच.

"हाव," मी म्हणालो. "बघितलं होतं. पटका पडलेला बघितला होता."

"मंग काहून कापलं?"

मी खरं ते सांगितलं, तेच इथे लिहितो. रिवाज होता, पण त्या दिवशी रिवाज माझ्या सोयीला आला. माझ्या एका कापण्याने आमचा शिपाई वाचणार होता, साहेब खूष होणार होते आणि क्लिप चालणार होती. आणि पोत्यावर बसलेला माणूस आमच्या घरी दोर घेऊन येणाऱ्या माणसासारखा होता, ज्याचं पडणं आमच्याकडे कुणी फारसं मनावर घेत नाही. हा शेवटचा भाग मी स्वतःलाही इतकी वर्षं सांगितला नव्हता.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून आत गेल्या. चूल फुंकल्याचा आवाज आला. मी लॅपटॉप बंद करावा की नको, या विचारात बसलो. चहा घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवला, स्वतःला घेतला नाही.

"परत लावा. सुरवातीपसून."

लावलं. म्हाताऱ्यांनी हसून वर बघितलं, कासरा उचलला, ताणला, झटका दिला.

"थांबवा. हितं थांबवा."

चित्र थांबलं. कासरा दोन्ही हातांत ताणलेला, मान वर, पटका नीट बांधलेला.

"गिऱ्हाईक समजले त्याला," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं. मी आले तवर ते पडले व्हते. आखरीपतोर तेवडंच म्हनायचे, म्या तर त्याला दोर दाखवला व्हता. आम्हाला वाटायचं, म्हातारपनी काहीबी बोलतेत." पदराने तोंड पुसलं. मग सरळ माझ्याकडे बघितलं. "एवडं कापून द्या मला. हितपतोरच. काटी यायच्या आदी."

मी कापून दिलं. मी केलेल्या सगळ्या कामात ते सगळ्यात कमी लांबीचं असेल. दोनदा चुकलं, काठीचं टोक राहून जायचं. तिसऱ्यांदा स्वच्छ जमलं. त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. त्यांनी ते एकदा लावून बघितलं आणि फोन कमरेच्या पिशवीत ठेवून पिशवीचा बंद ओढला.

उठताना मी विचारलं, "मग लोकांना कसं कळणार, ताई? मी काय करू?"

"तुमाला लिवता येतं नव्हं? पंचनामे लिवले की जलमभर. लिवा. काटी लिवा, पटका लिवा, तुमी बगितलं ते बी लिवा. लिवल्यालं डोळ्याला दिसत न्हाई, त्याच्यावर गानं लावता येत न्हाई. माझं नाव घाला. त्यांचं नगा घालू."

त्यांचं नाव मी कुठंही घातलेलं नाही. पेनड्राइव्ह शोभाताईंकडे दिला, माझ्याजवळ प्रत ठेवली नाही. ही पंचनाम्याची शेवटची ओळ समजा: पोलिसाला मारणारी बाई म्हणून आपण जिला ओळखता, ती शोभा गायकवाड आपल्या वडिलांना भाकरी घेऊन आली होती. मी हे पाहिलं होतं.